आपल्या गावाचा प्रश्न सभागृहात कसा न्यावा: सीमाभागातल्या लोकांसाठी टप्प्याटप्प्यानं

दर डिसेंबरला बेळगावात कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन भरतं आणि ते जिथं भरतं त्या सुवर्ण विधानसौधजवळ कोंडसकोपला आंदोलकांचे तंबू पडतात. ऊस उत्पादक येतात, अंगणवाडीच्या बाया येतात, अतिथी (म्हणजे तात्पुरते नेमलेले) शिक्षक येतात, आपली मराठी माणसंही येतात. संध्याकाळी एखादे मंत्री येतात, निवेदन हातात घेतात, पहिल्या चार ओळी वाचतात आणि मागं उभ्या असलेल्या पीएकडे देतात. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो. पुढच्या डिसेंबरला तेच निवेदन, फक्त तारीख बदलून, पुन्हा टाइप होतं. आमच्या शाळेच्या एसडीएमसीनं, म्हणजे शाळा विकास समितीनं, हे लागोपाठ तीन वर्षं केलं. त्या तिन्ही निवेदनांच्या पोचपावत्या अजून माझ्या फायलीत आहेत, उत्तर एकाचंही नाही.

निवेदनाला उत्तर देण्याची सक्ती कुणावर नाही. सभागृहात स्वीकारल्या गेलेल्या प्रश्नाला मात्र मंत्र्याला लेखी उत्तर द्यावं लागतं. ते उत्तर छापलं जातं, नोंदीत कायम राहतं आणि खोटं निघालं तर त्यावर पुन्हा बोट ठेवता येतं. विरोधी बाकावरच्या सदस्याच्या हातात सरकारला बांधून घेण्याचं यापेक्षा चांगलं साधन नाही. पण तो सदस्य बेंगळुरूत किंवा दिल्लीत बसलेला असतो. कणकुंबीच्या शाळेत किती शिक्षक आहेत, हे त्याला आपण सांगितल्याशिवाय कळणार नाही. आपली चूक नेमकी इथं होते. आपण त्याला तक्रार सांगतो, प्रश्न तयार करून देत नाही.

टप्पा १ : प्रश्न कोणत्या सभागृहाचा, ते आधी ठरवा

सर्वांत जास्त श्रम इथंच वाया जातात. सीमाभागातल्या माणसाला तीन सभागृहं जवळची वाटतात: दिल्ली, बेंगळुरू (म्हणजेच डिसेंबरात बेळगाव) आणि मुंबई. प्रत्येकाची हद्द वेगळी आहे.

दिल्लीला न्यायचे विषय: रेल्वे (मिरज-लोंढा मार्ग, बेळगाव-कित्तूर-धारवाड नवी लाइन, भुयारी पुलांत साचणारं पाणी), राष्ट्रीय महामार्ग (पुणे-बेंगळुरू ४८ आणि बेळगाव-खानापूर-गोवा ७४८), सांब्रा विमानतळ, कॅन्टोन्मेंट, उसाची एफआरपी (केंद्रानं ठरवलेला किमान भाव), निपाणी भागातल्या बिडी कामगारांच्या केंद्रीय योजना, आणि घटनेच्या कलम ३५०अ व ३५०ब खाली भाषिक अल्पसंख्याकांना मिळालेलं संरक्षण.

कर्नाटक विधिमंडळाचे विषय: शाळा आणि शिक्षकभरती, प्राथमिक आरोग्य केंद्रं, राज्य महामार्ग आणि गावरस्ते, हेस्कॉम या सरकारी कंपनीची वीज, बससेवा, सातबाराच्या जागी मिळणारा आरटीसी उतारा, कारखान्यांनी थकवलेलं ऊसबिल वसूल करणं.

मुंबईचे विषय मोजके आहेत: महाराष्ट्र सरकार सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी स्वतःहून ज्या योजना देतं, उदाहरणार्थ महात्मा फुले जनआरोग्य योजना, तेवढ्यांची अंमलबजावणी. खानापुरातला रस्ता उखडला म्हणून महाराष्ट्राच्या आमदाराकडं गेलात, तर तो मनापासून ऐकून घेईल, पण तिथल्या मंत्र्याला त्या रस्त्याबद्दल उत्तर देता येत नाही. प्रश्न सचिवालयातच अडेल.

उसाचं उदाहरण पाहा, म्हणजे हद्द कशी दुभंगते ते कळेल. भाव केंद्र ठरवतं. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणं बिल १४ दिवसांत द्यायचं आणि उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याज द्यायचं, हा नियमही केंद्राचा. पण अमुक कारखान्याकडून ते वसूल करणं हे राज्याच्या ऊस आयुक्तांचं काम. म्हणून "भाव कमी का?" हा प्रश्न दिल्लीचा आणि "व्याज किती शेतकऱ्यांना मिळालं?" हा विधानसौधचा. दोन्ही एकाच कागदावर लिहिलेत तर दोन्हीकडून परत येतात.

सावधान: सीमाप्रश्नावरचा थेट प्रश्न देऊ नका. महाराष्ट्राचा २००४ चा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे आणि न्यायप्रविष्ट विषयावरचा प्रश्न लोकसभेच्या नियमांत बसत नाही. भावना कितीही खरी असली, तरी तो स्वीकारला जाणार नाही. मातृभाषेतून प्राथमिक शिक्षण, भाषिक अल्पसंख्याक आयुक्तांचे अहवाल, त्या अहवालांवरची कारवाई, हे विषय मात्र पूर्णपणे खुले आहेत.

टप्पा २ : विरोधी सदस्य कोण, हे सभागृहाप्रमाणं बदलतं

मे २०२३ पासून कर्नाटकात काँग्रेसचं सरकार आहे. म्हणजे विधानसभेत भाजप आणि जनता दल विरोधात. दिल्लीत नेमकं उलटं. जो पक्ष बेंगळुरूत उत्तरं देतो, तोच दिल्लीत प्रश्न विचारतो. त्यामुळं "आम्ही विरोधी पक्षाकडं गेलो होतो" एवढ्यानं काही कळत नाही. कोणत्या सभागृहातल्या विरोधी पक्षाकडं गेला होता?

दुसरी नेहमीची चूक मतदारसंघाची. बेळगाव जिल्ह्यात विधानसभेच्या १८ जागा आहेत, पण त्या सगळ्या बेळगाव लोकसभेत येत नाहीत. निपाणी, चिकोडी, अथणी, हुक्केरी, यमकनमर्डी वगैरे आठ जागा चिकोडी लोकसभेत आहेत. खानापूर आणि कित्तूर तर उत्तर कन्नड लोकसभेत आहेत. खानापूर तालुक्यातली माणसं आजही बेळगावच्या खासदारांच्या ऑफिसात तासन् तास बसलेली मी पाहिली आहेत, आणि त्यांना "तुमचे खासदार कारवारकडचे" असं सांगून परत पाठवताना ऐकलं आहे.

२०२४ च्या निवडणुकीत बेळगाव आणि उत्तर कन्नड भाजपकडं गेलं, चिकोडी काँग्रेसकडं. म्हणजे बेळगाव आणि खानापूरच्या मतदाराचा स्वतःचा खासदार सत्ताधारी बाकावर आहे. तोही प्रश्न विचारू शकतो, आणि त्याला जरूर द्यावा. पण मंत्र्याला दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा अडवायची वेळ आली की आपल्याच सरकारविरुद्ध कितपत ताणायचं याला त्याची मर्यादा असते. अशा वेळी दोन वाटा आहेत. एक, राज्यसभेतला विरोधी सदस्य. कर्नाटकातून राज्यसभेवर १२ जण आहेत. दुसरी, शेजारच्या मतदारसंघातला, अगदी कोल्हापूर-सांगलीकडचाही विरोधी खासदार. खासदारानं फक्त आपल्याच मतदारसंघाबद्दल विचारावं असा नियम नाही. विषय केंद्राचा असला की पुरे.

शाळेचा प्रश्न असेल तर विधान परिषद विसरू नका. तिथं वायव्य कर्नाटक शिक्षक मतदारसंघ आणि पदवीधर मतदारसंघ असे दोन सदस्य आपल्या भागातून जातात. विधानसभेत २२४ जणांची रांग असते, परिषदेत ७५ जणांची. आपला एक प्रश्न तिथं अनेकदा सहज पुढं सरकतो.

तपासून पाहा: तुमच्या वहीत आता तीन ओळी लिहिलेल्या असाव्यात. सभागृह, खातं, सदस्याचं नाव. यातली एक जरी रिकामी असेल, तर पुढं जाऊ नका.

टप्पा ३ : कागद आधी, भेट नंतर

सदस्याकडं रिकाम्या हातानं गेलात तर तो "बघू" म्हणेल. त्याची चूक नाही. आकडा नसलेल्या तक्रारीवर उभं राहिलं की मंत्री एका वाक्यात तोंड बंद करतो.

शाळेसाठी सर्वांत आधी यूडायस क्रमांक. शाळेची सरकारी ओळख असलेला अकरा आकड्यांचा हा क्रमांक शाळेच्या फलकावर किंवा मुख्याध्यापकांच्या रजिस्टरमध्ये असतो. "गावातली मराठी शाळा" म्हटलं की खातं दुसऱ्याच शाळेची माहिती देऊन मोकळं होतं. क्रमांक दिला की तसं करता येत नाही. मग पट, मंजूर पदं, हजर शिक्षक आणि अतिथी शिक्षक कधी रुजू झाला ती तारीख. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणं पहिली ते पाचवीच्या ६० पर्यंतच्या पटाला दोन शिक्षक लागतात, ६१ ते ९० ला तीन. हा तक्ता जवळ ठेवा, कारण सरकार "पुरेसे शिक्षक आहेत" म्हणतं तेव्हा "पुरेसे" म्हणजे किती, हे कायद्यानंच ठरवून दिलेलं आहे.

जे आपल्याला मिळत नाही ते माहितीच्या अधिकारात मागवा. फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. कर्नाटकात दोन गोष्टी लक्षात ठेवा. अर्ज १५० शब्दांत बसवायचा आणि एका अर्जात एकच विषय. दुसरी भाषेची. कायद्यात इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाची राजभाषा असं लिहिलं आहे. मराठीत अर्ज देऊन तो परत आला म्हणून महिना गमावलेले लोक मला माहीत आहेत. हक्काची लढाई वेगळ्या मंचावर लढायची असते. इथं आपल्याला माहिती हवी आहे, तीही अधिवेशनाआधी. कन्नडमध्ये लिहून द्या, एक प्रत मराठीत आपल्याजवळ ठेवा.

आणि जुनी उत्तरं शोधा. लोकसभा आणि राज्यसभेची उत्तरं संसदेच्या संकेतस्थळावर विषयानं, खात्यानं, सदस्याच्या नावानं शोधता येतात. जे उत्तर आधीच दिलं गेलं आहे तेच पुन्हा विचारलं तर प्रश्न नाकारला जातो. उलट जुन्या उत्तरात मंत्र्यानं दिलेली मुदत सापडली, तर अर्धी लढाई जिंकलीच.

सावधान: कुणा कर्मचाऱ्यानं गुपचूप काढून दिलेला अंतर्गत कागद वापरू नका. त्याची नोकरी जाईल आणि तुमचा प्रश्न बाजूला पडून चर्चा त्या कागदाचीच होईल.

टप्पा ४ : प्रश्न लिहिणे

आता खरं काम. आमचा पहिला प्रश्न असा होता:

"खानापूर तालुक्यातील मराठी शाळांवर सरकार जाणूनबुजून अन्याय करीत आहे हे खरे आहे काय? असल्यास, शिक्षक का भरले जात नाहीत? शाळांच्या इमारती व शाळेकडे जाणारे रस्ते केव्हा होणार? मराठी जनतेला न्याय केव्हा मिळणार?"

लिहिताना आम्हाला वाटलं होतं, काय बिनतोड लिहिलंय! तो कधीच पटलावर आला नाही. कारणं नंतर कळली. "जाणूनबुजून अन्याय" हा आरोप आहे. प्रश्नात आरोप, उपरोध, विशेषणं, तर्क चालत नाहीत. "न्याय केव्हा मिळणार" हे मत मागणं आहे, माहिती मागणं नव्हे. शिक्षक एका खात्याचे आणि रस्ता दुसऱ्या खात्याचा. आणि कोणत्या वर्षाची, कोणत्या तारखेची माहिती हवी, ते कुठंच नव्हतं.

दोन वर्षांनी तोच प्रश्न असा लिहिला:

"(अ) ३१ ऑक्टोबर रोजी खानापूर तालुक्यातील सरकारी मराठी प्राथमिक व उच्च प्राथमिक शाळांत मंजूर, भरलेली व रिक्त शिक्षकपदे किती (शाळानिहाय माहिती द्यावी);
(आ) त्यांपैकी एकच शिक्षक असलेल्या, तसेच एकही कायम शिक्षक नसलेल्या शाळा कोणत्या व त्यांचा पट किती;
(इ) चालू शैक्षणिक वर्षात या शाळांना किती अतिथी शिक्षक मंजूर झाले, किती रुजू झाले व कोणत्या तारखांना;
(ई) रिक्त पदे भरण्याच्या प्रक्रियेतील कोणते टप्पे पूर्ण झाले व उरलेले कोणत्या महिन्यापर्यंत पूर्ण होतील?"

यात राग दिसत नाही. तो शाळानिहाय तक्त्यात दिसतो, आपोआप.

"असल्यास" हा शब्द मुद्दाम काढला आहे. त्याची गंमत समजून घ्या. पहिला भाग "हे खरे आहे काय" असा ठेवला की सरकार "नाही" म्हणतं, आणि "असल्यास" नं सुरू होणाऱ्या पुढच्या सगळ्या भागांना एकच उत्तर येतं: प्रश्न उद्भवत नाही. कर्नाटकाच्या उत्तरात डाव्या रकान्यात प्रश्न असतो आणि उजव्या रकान्यात उत्तर. त्या उजव्या रकान्यात वरपासून खालपर्यंत "उद्भविसुवुदिल्ल, उद्भविसुवुदिल्ल" असं लिहिलेलं उत्तर ज्यानं हातात घेतलं आहे, तो पुन्हा कधी "असल्यास" लिहिणार नाही. प्रत्येक भाग स्वतःच्या पायावर उभा राहील असा लिहा.

लोकसभेसाठी प्रश्न साधारण १५० शब्दांच्या आत हवा आणि हिंदी किंवा इंग्रजीत. कर्नाटक विधिमंडळासाठी कन्नडमध्ये द्या. मराठीत विचार करा, मराठीत मसुदा करा, मग गावातल्या कन्नड शिक्षकाकडून नीट कन्नड करून घ्या. आमच्याकडं हे काम नेहमी एका कन्नड सरांनी केलं, एक पैसा न घेता, आणि दर वेळी आमची एखादी चूक दाखवून. सभागृहात उभं राहून मराठीत बोलायची मुभा घटनेच्या कलम १२० आणि २१० खाली अध्यक्ष देऊ शकतात, पण ती ज्याला सांगितलेल्या भाषा येत नाहीत त्या सदस्यासाठी. लेखी प्रश्नाची गोष्ट वेगळी.

तपासून पाहा: मसुदा एका शेजाऱ्याला वाचायला द्या, ज्याला यातलं काही माहीत नाही. वाचून त्यानं "म्हणजे तुम्हाला नेमकं काय पाहिजे?" असं विचारलं, तर पुन्हा लिहा. त्याला वाचून राग आला, तरी पुन्हा लिहा. विशेषण राहिलं असणार.

टप्पा ५ : तारांकित की अतारांकित

तारांकित प्रश्नाला मंत्री उभं राहून उत्तर देतो आणि त्यावर पुरवणी प्रश्न विचारता येतात. अतारांकितला फक्त लेखी उत्तर. कन्नडमध्ये यांना चुक्के गुरुतिन आणि चुक्के गुरुतिल्लद प्रश्न म्हणतात. अर्जावर हाच शब्द दिसेल, गोंधळू नका.

प्रत्येकाला तारांकितच हवा असतो. कारण त्याचा व्हिडिओ निघतो. पण लोकसभेत एका दिवशी तारांकित प्रश्न २० आणि अतारांकित २३०. एका सदस्याचा एका दिवशी एकच तारांकित प्रश्न यादीत येतो, क्रम सोडतीनं लागतो, आणि तासाभरात त्या वीसांतले थोडेच प्रत्यक्ष पुकारले जातात. राज्यसभेत हेच आकडे १५ आणि १६० आहेत.

माझा सल्ला असा, आणि तो अनुभवानं बनलेला आहे. पहिल्या अधिवेशनात अतारांकित द्या आणि शाळानिहाय आकडे सरकारच्या सहीनं मिळवा. पुढच्या अधिवेशनात त्याच आकड्यांवर तारांकित द्या. मग मंत्र्याला तुमचे आकडे खोडता येत नाहीत, कारण ते त्याचेच असतात.

शून्य प्रहराच्या, म्हणजे तातडीचे विषय मांडायच्या वेळेच्या, नादी लागू नका. तिथं विषय मांडता येतो, क्लिप गावभर फिरते, पण तिथल्या तिथं उत्तर देण्याची सक्ती मंत्र्यावर नाही. पूर, अपघात, आजची घटना असेल तर शून्य प्रहर योग्य. दहा वर्षांची रिक्त पदं तिथं नेऊ नका.

तारखांचं गणित: लोकसभेत किमान १५ पूर्ण दिवस आधी प्रश्नाची सूचना (नोटीस) द्यावी लागते, आणि मंत्रालयांचे गट पाडून प्रत्येक गटाला आठवड्याचा एक वार दिलेला असतो. रेल्वेचा प्रश्न रेल्वेच्या वारीच लागतो. कर्नाटकातही अधिवेशन सुरू झाल्यावर प्रश्न घेऊन पळालात तर उशीर झालेला असतो. डिसेंबरच्या बेळगाव अधिवेशनासाठी मसुदा दिवाळीच्या आत तयार हवा.

टप्पा ६ : सदस्याला भेटणे

एक पान. त्यावर प्रश्न, कोणत्या सभागृहासाठी, कोणत्या खात्यासाठी, आणि खाली संपर्काला एकाच माणसाचा फोन. मागं जोडपत्रं, पण तीही क्रमांक घालून. पंधरा जणांचं शिष्टमंडळ नेलंत तर पंधरा जण बोलतील आणि पीए काहीच लिहून घेणार नाही. तिघं जा. त्यातली एक शाळेतल्या मुलाची आई असू दे.

खरं सांगायचं तर काम पीए करतो. त्याच्याशी नीट बोला, मसुद्याची टाइप केलेली फाइल त्याला व्हॉट्सअॅपवर द्या, आणि सूचना दाखल झाल्यावर तिचा क्रमांक मागा. तो मिळेपर्यंत प्रश्न "दिला" असं गावात सांगू नका.

सावधान: पैसे, "खर्चापाणी", भेटवस्तू, काहीही देऊ नका आणि कुणी मागितलं तर उठून या. डिसेंबर २००५ मध्ये प्रश्नांसाठी पैसे घेतल्याच्या प्रकरणात ११ खासदारांची हकालपट्टी झाली. सूचना सदस्यानं स्वतःच दाखल करायची असते. "पोर्टलचा लॉगिन द्या, आम्हीच भरतो" असं चुकूनही म्हणू नका. लॉगिन परक्याला दिल्याच्या कारणावरून २०२३ मध्ये लोकसभेतून एका सदस्याला काढलं गेलं.

टप्पा ७ : पुरवणी प्रश्नांचा कागद

तारांकित प्रश्न लागला म्हणून फटाके लावणारे लोक इथं झोपतात. छापील प्रश्नाला मंत्र्याकडं खात्यानं तयार केलेलं उत्तर असतंच. सरकारला जाब द्यावा लागतो तो पुरवणी प्रश्नाला, आणि मूळ प्रश्नकर्त्याला सहसा दोन मिळतात. दोनच. त्यासाठी सदस्याला अर्ध्या पानाचा कागद द्या, मोठ्या अक्षरात.

त्यावर तीन गोष्टी. वर एक ठोस शाळा: "जांबोटी भागातली अमुक शाळा, यूडायस क्रमांक अमुक, पट ७४, कायद्यानं शिक्षक ३, आज हजर १". मग सरकार देईल असं उत्तर आणि त्यावरचा तुमचा प्रश्न:

मंत्री म्हणाले "भरती प्रक्रिया सुरू आहे", तर विचारा: जाहिरात कोणत्या तारखेची, त्यात मराठी माध्यमाच्या जागा किती?

मंत्री म्हणाले "पात्र उमेदवार मिळत नाहीत", तर: मराठी माध्यमासाठी गेल्या भरतीत अर्ज किती आले, आणि अटींमुळं किती बाद झाले?

मंत्री म्हणाले "अतिथी शिक्षक दिले आहेत", तर: ते जूनमध्ये रुजू झाले की सप्टेंबरात? मधल्या महिन्यांत शाळा कुणी चालवली?

शेवटी एकच मागणी, तारखेसह.

मी हा कागद पहिल्यांदा केला तेव्हा त्यात अकरा मुद्दे घातले होते. आमच्या सदस्यानं सभागृहात तो हातात धरला, पहिला मुद्दा शोधता शोधता अध्यक्षांनी पुढचा प्रश्न पुकारला. घरी टीव्हीसमोर बसलेली आमची सगळी कमिटी गप्प झाली. त्या दिवसापासून अर्धं पान, मोठं अक्षर.

आदल्या दिवशी पीएला फोन करून एवढंच विचारा: साहेब उद्या सभागृहात आहेत ना? प्रश्न पुकारला आणि सदस्य जागेवर नसला, तर महिन्यांची मेहनत एका लेखी उत्तरावर आटोपते.

टप्पा ८ : उत्तर आल्यानंतर

उत्तराची प्रत हाती येताच ती पेन्सिल घेऊन वाचा. कन्नडमधली असेल तर सरांना बसवून वाचा, अंदाजानं नको. तीन प्रकारची वाक्यं शोधायची.

पहिला प्रकार आश्वासनाचा. "विचाराधीन आहे", "तपासून कार्यवाही केली जाईल", "माहिती गोळा करून पटलावर ठेवली जाईल". आपण अशी वाक्यं वाचून हताश होतो आणि कागद फेकून देतो. तसं करू नका. संसदेत अशी वाक्यं आश्वासन म्हणून नोंदली जातात, ती तीन महिन्यांत पुरी करायची असतात आणि शासकीय आश्वासन समिती त्यांचा पाठपुरावा करते. कर्नाटक विधिमंडळातही अशी समिती आहे. उत्तराच्या तारखेपासून तीन महिने मोजून कॅलेंडरवर खूण करा. त्या दिवशी प्रश्न क्रमांक, तारीख आणि ते नेमकं वाक्य लिहून सदस्याला पत्र द्या, म्हणजे तो समितीकडं विचारणा करेल.

दुसरा प्रकार चुकीच्या आकड्याचा. उत्तरात तुमच्या शाळेत तीन शिक्षक दाखवले आहेत आणि हजेरीपत्रकात एकच सही आहे, तर माहितीच्या अधिकारातलं उत्तर आणि सभागृहातलं उत्तर शेजारी ठेवा. लोकसभेत मंत्र्याच्या विधानातली चूक दाखवायला अध्यक्षांच्या निर्देशांपैकी ११५ वा निर्देश आहे. सदस्य त्याखाली लेखी सूचना देतो. इथं गडबडीत "खोटं बोलले" असं पत्रक काढू नका. आधी त्या दोन शिक्षकांचं काय झालं ते बघा. अनेकदा ते दुसऱ्या शाळेत तात्पुरते पाठवलेले असतात आणि पगार तुमच्या शाळेच्या नावावर निघत असतो. तसं निघालं तर तोच तुमचा पुढचा प्रश्न.

तिसरा प्रकार अपुऱ्या उत्तराचा. विषय मोठा असेल तर लोकसभेत अर्ध्या तासाची चर्चा मागता येते. तीन दिवस आधी सूचना आणि आणखी दोन सदस्यांच्या सह्या लागतात. म्हणून पहिल्यापासून एकाच खासदारावर विसंबू नका, आणखी दोघांना कागद पाठवून ठेवा.

उत्तराच्या चार झेरॉक्स काढा. एक ग्रामपंचायतीत पीडीओकडं (पंचायत विकास अधिकाऱ्याकडं) पोच घेऊन, एक बीईओ (गटशिक्षणाधिकारी) ऑफिसात पोच घेऊन, एक शाळेच्या फायलीत. चौथी ग्रामसभेत मोठ्यानं वाचा, मराठीत, आकड्यांसकट. आमच्या गावात ती वाचली तेव्हा मागं बसलेल्या एका आजीनं विचारलं, "तीन मास्तर लिवल्यात व्हय? मग दोघं हाईत कुठं?" तोच प्रश्न, तिच्याच शब्दांत, आम्ही पुढच्या मसुद्याच्या डोक्यावर लिहून ठेवला आणि खाली (अ) पासून सुरुवात केली.